खाली गुंता

तिसऱ्या दिवशी तोज थांबला.
खिडकीच्या फटींत कोंबलेले ओले टॉवेल काढले
तर त्यांच्यावर बिस्किटाच्या रंगाची साय.
मशीनवर जुनी चादर घातली होती, दुहेरी.
तरी धूळ ती.
तिला कुठे इकामा लागतो आत शिरायला.

पहिलाच टाका घातला
आणि कापडाखाली दोऱ्याच्या शेवया.
बॉबिन काढली, पुन्हा भरली,
केसचा इवलासा स्क्रू पाव आटा पिळला, परत सैल केला.
शेवया त्याच.

थंकच्चन सांगतो,
फहाहीलच्या बाजारात जिन्याखाली त्याचं दुकान,
दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्यानं श्वास बाहेर घ्यायचा,
तो सांगतो, "चेची, गुंता नीचे, गलती ऊपर."
हे एवढं वाक्य तो दोन दिनारला विकतो.
मी ते कधीच विकत घेतलंय,
दर वेळी विसरते आणि आधी खालीच वाकते.

वरचा दोरा काढला. दाब्या उचलला.
(दाब्या खाली ठेवून ओवलं तर तबकड्या मिटलेल्या असतात,
दोरा दारावरूनच परत जातो,
चहा न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.)
सुई बदलली, सोळा नंबरची.
मग पत्रा उघडला, आणि दातांखाली
राखाडी नमदा, वाळू,
सुईचं एक तुटकं टोक, मागच्या रमजानमधलं,
आणि नारिंगी धाग्यांचा कीस.

तेल मशीनचंच दिलं, तीन थेंब.
एकदा संपलं म्हणून खोबरेल घातलं होतं,
घरचं, देवरुखहून आलेलं, शुद्ध.
एसीत ते आतल्या आत गोठलं आणि चाक जागचं हलेना.
थंकच्चन केरळचा, त्यानं नुसतं हुंगलं
आणि इतका हसला की स्टुलावरून उतरला.
"केसांना, चेची. लोखंडाला नाही."

नारिंगी कीस कव्हरऑलचा.
ह्यांच्या प्लांटवरून येतात, सगळे एका मापाचे,
कुठल्या तरी सहाफुटी देशाच्या मापाचे.
आपली पोरं त्यात उभी राहिली की पायांत घोळ साचतो.
पाय दुमडून द्यायचे अडीचशे फिल्स.
चमकत्या पट्टीवर सुई घसरते,
तिथे मशीन चालवत नाही मी, हातानं चाक फिरवते,
एक टाका, एक टाका.

कालच्या पिशवीत एकच होता.
छातीवरची 'महतो' ही पट्टी काढायची,
'थापा' लावायची.
"गेला," हे म्हणाले.
मी विचारलं, गावाला?
ह्यांनी ताकाची वाटी पुढे केली.

उसवणीनं टाके काढले, तिसरा तिसरा कापत,
मग दोरा ओढला की सरसर निघतो.
पट्टीखालचं कापड कोरं निघालं,
दुकानातल्यासारखं गडद,
त्याला ऊन माहीतच नव्हतं.
कडेनं भोकांची रांग.
नखानं घासायचं, वाफ द्यायची, मिटतात.
निम्मी मिटली.

थापाची पट्टी आखूड आहे.
पुढे दोन बोटं गडद चौकोन उरलाय.
त्याला मी काय करणार.

मशीन आता छान चालतेय, दोन्ही बाजूंनी टाका सारखा.
मीना अल अहमदीची ज्योत खिडकीत हलते
तेव्हा सुईवर क्षणभर नारिंगी चढतं.
रेडिओवर म्हणाले, गुरुवारी पुन्हा तोज.
चादर घातली. त्याआधी,
मशीन रिकामी मिटू नये म्हणतात, दात दाब्याला लागतात,
खाली कापडाचा तुकडा हवा,
म्हणून
हाताशी होती ती पट्टी ठेवली
आणि दाब्या हळूच
महतोवर उतरवला.